झरीची थंडी आणि विजेचा जमाखर्च

मराठवाडा म्हटला कीं पुण्यामुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें उन्हाळाच उभा राहतो. भेगाळलेली काळी जमीन, झाडाच्या तुटपुंज्या सावलींत दाटीवाटीनें उभीं राहिलेलीं गुरें आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेलेला पारा, असें तें चित्र असतें. हें चित्र खोटें नाहीं. पण पुरतें नाहीं. त्याच भूमीवर मार्गशीर्ष-पौषांत जी थंडी पडते ती ज्यानें सोसली नाहीं, त्यास मराठवाडा अर्धाच ठाऊक आहे असें आम्ही समजतों.

परभणी येथें १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें; २०१३ पासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथील वेधशाळेनें नोंदलेलें किमान तापमान हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांतून छापून येतें, आणि मोठमोठ्या शहरांतील माणसें तो आंकडा वाचून चकित होतात. २०१८ च्या डिसेंबराच्या अखेरीस तर पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता. ह्याचें कारण गूढ नाहीं. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली सारी उष्णता उधळपट्ट्या माणसाप्रमाणें आकाशांत टाकून मोकळी होते. त्यांत उत्तरेकडचा वारा सुटला म्हणजे पहाटे अंगणांतल्या हंड्याला हात लावण्याचेंही धैर्य होत नाहीं.

झरी हें गांव परभणीहून जिंतुरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. झरीच्या पुढें बोरी, बोरीच्या पुढें जिंतूर, व तेथून पूर्णा नदीवरील येलदरीच्या धरणाकडे वाट जाते. प्रवासवर्णनांत मिरविण्याजोगें येथें कांहीं नाहीं, असें मोटारींतून जाणारास वाटेल. परंतु पौषांत येथील शेतांतून एकदां सकाळीं हिंडून पाहावें. कापसाची शेवटची वेंचणी चाललेली असते, तुरी वाळूं लागलेल्या असतात, हरभरा घाट्यांवर आलेला असतो, आणि ज्वारीचीं कणसें हुरड्यास तयार असतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरांत भाजलेलें कणीस हातावर चोळून काढलेला हिरवा, ऊन ऊन हुरडा व त्यावर तिळाची नाहीं तर जवसाची चटणी, हा ह्या भागाचा खरा आदरसत्कार होय. आमचे एक जुने स्नेही येथें शेती करतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही चार दिवसांकरितां गेलों होतों.

थंडीशीं झगडण्याच्या लोकांच्या तऱ्हा पाहण्यांत आमची पहिली सकाळ गेली. रस्त्याच्या कडेला काटक्यांची व उसाच्या पाचटाची शेकोटी, तिच्याभोंवतीं उकिडवे बसलेले वृद्ध, कानटोप्या व मफलर गुंडाळलेलीं पोरें, हें सर्व परिचयाचेंच होतें. नवें होतें तें मोटरसायकलस्वारांचें. दुधाच्या कॅना दोहों बाजूंस अडकवून परभणीकडे निघालेला एक तरुण आम्हीं पाहिला. त्यानें सदऱ्याच्या आंत छातीवर जुन्या वर्तमानपत्रांचीं पानें घातलीं होतीं व हँडलाच्या दोन्ही मुठींवर रेक्झिनच्या पिशव्या बांधून त्यांत हात घातले होते. “वारं लागत नाही बघा, गुरुजी,” असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. थंडीपेक्षां वारा अधिक बाधतो. हवेचें तापमान आठ अंश असतां ताशीं साठ किलोमीटर वेगानें गाडी हांकणाऱ्याच्या उघड्या कातडीस जवळजवळ दोन अंशांइतकी थंडी जाणवते. म्हणजे घरून निघतांना जी थंडी असते तिच्यांत स्वार आपल्या वेगानें भर घालीत जातो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ह्याच प्रश्नाचें एक अगदीं निराळें, विलायती उत्तर झरींत येऊन उभें राहिलें, आणि तेथेंच अडलें. हें उत्तर म्हणजे आमचा भाचा. तो पुण्यास नोकरीवर असतो. मोटरसायकलवरून दूरदूर हिंडण्याचा त्यास छंद आहे. आमच्या भगिनीस परभणीस भेटावें व वाटेंत आम्हांसही भेटावें, म्हणून तो आदल्या रात्रीं जालन्यास मुक्काम करून पहाटे निघाला होता. मंठा, जिंतूर, बोरी करीत तो झरीस पोहोंचला तेव्हां आठ वाजून गेले होते, व धुकें अजून रस्त्यावरच होतें. त्यानें गाडी थांबविली, आमच्या पायां पडला, चहा घेतला, आणि निघावयाच्या वेळीं बटण दाबतो तों यंत्रांतून “कट् कट्” एवढाच आवाज आला. जिंतुरास चहाकरितां थांबलों तेव्हांही गाडी कुरकुरतच चालू झाली होती, असें त्यानें मग सांगितलें.

हा तरुण अंगांत जो अंगरखा घालून आला होता त्याचें वर्णन केलें पाहिजे. वरून साधें जाकीट दिसे; पण त्याच्या अस्तरांत छाती, पाठ व बाह्या ह्या ठिकाणीं केसासारख्या बारीक तारांचें जाळें बसविलेलें होतें. हातमोज्यांतही तसेंच. ह्या सर्वांची एक दोरी गाडीच्या बॅटरीस जोडली म्हणजे तारा तापतात व स्वारास ऊब मिळते. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे ती तापते, ह्या गोष्टीचा नियम जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास बसविला. घरांतील इस्त्री त्याच नियमावर चालते. अशीं वस्त्रें प्रथम विमानिकांकरितां निघालीं. पहिल्या महायुद्धांतील उघड्या विमानांत व पुढें दुसऱ्या महायुद्धांत उंचावरून उडणाऱ्या बाँबफेकी विमानांत तीं वापरीत. अमेरिकेंत मोटरसायकलस्वारांकरितां तीं १९७० नंतरच्या दशकांत विक्रीस आलीं. आमच्या भाच्याचीं वस्त्रें त्याच्या तेथील मित्रानें पाठविलेलीं होतीं.

हौसेची गोष्ट म्हणून हें सोडून देतां आलें असतें. परंतु भगिनीनें आदल्याच रात्रीं दूरध्वनीवरून आम्हांस एक काम सांगितलें होतें. भाचा पुढच्याच महिन्यांत दोघां मित्रांसह हिमाचल प्रदेशांतील स्पिती खोऱ्यांत ऐन हिंवाळ्यांत मोटरसायकलवरून जाणार होता. तेथील काझा हें गांव समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि ह्या दिवसांत तेथें पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. “दादा, तो तुझें ऐकतो. त्याला जाऊं नको म्हणून सांग,” असें ती म्हणाली होती. झरीस गाडी बंद पडली तर ट्रॅक्टर आहे, स्नेह्याचें घर आहे, शेकोटी आहे. तेथें काय असेल?

शिवाय ही गाडी जुन्या गाड्यांसारखी नव्हती. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांतील नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा यंत्र चालूं असेतोंवर सतत जळत राहतो. तो विझविण्याचें बटणच नसतें. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, व बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोल आंत सोडण्याचें कामही विजेवर होऊं लागलें. भाच्याच्या गाडीस किक नव्हती. पेट्रोलचा पंप, ठिणगी व त्या दोहोंवर देखरेख करणारी पेटी, सर्वांस बॅटरी पाहिजे. बॅटरी पुरती बसली म्हणजे अशी गाडी ढकलूनही चालूं होईल ही आशा नको.

“हें तुझें पहिल्यांदाच झालें काय?” आम्हीं विचारलें.

“नाहीं मामा, तिसऱ्यांदा,” तो खालीं मान घालून म्हणाला. पहिल्या वेळीं एका दुकानांत त्यास नवी बॅटरी घेण्यास सांगितलें, त्यानें घेतली. दुसऱ्या वेळीं दुसऱ्या दुकानांत वीज उत्पन्न करणारी कॉईलच बदलावी लागेल असें सांगितलें, व तिची किंमत ऐकून तो परत फिरला. कोणीही मीटर लावून पाहिलें नव्हतें.

झरीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्यें एक मिस्त्री बसतात. मोटरसायकली दुरुस्त करणें हा त्यांचा अर्धा धंदा. उरलेला अर्धा म्हणजे विहिरीवरील जळालेल्या मोटारींच्या कॉईली पुन्हां भरून देणें. आमच्या स्नेह्यांनीं ट्रॅक्टर आणला व गाडी शेडपर्यंत नेली. मिस्त्रींनीं प्रथम कांहींच उघडलें नाहीं. त्यांनीं भाच्यास चार प्रश्न विचारले. गाडी कधीं बसते? हें जाकीट घातलेलें असतांनाच, कीं एरवींही? रात्रभर उभी राहिल्यावर बसते, कीं चालवून आल्यावर? वेग कमी होता, कीं अधिक? भाच्यानें आठवून सांगितलें कीं तिन्ही वेळां थंडीच होती, जाकीट चालूंच होतें, आणि गाडी चालवून आल्यावरच बसली होती.

उत्तरें ऐकून मिस्त्री म्हणाले, “मंग गाडीला काय बी झालेलं नसंल, गुरुजी. डीपीवर मोटारी जास्त झाल्यात.”

आम्हांस ह्याचा अर्थ तेव्हां लागला नाहीं. पण पुढील तासाभरांत जें पाहिलें त्यानें तो स्पष्ट झाला. मोटरसायकलच्या पोटांत एक चक्र असतें. त्यास लोहचुंबक बसविलेले असतात, व त्याच्या आंत तांब्याच्या तारेच्या कॉईली स्थिर असतात. यंत्र चालूं झालें कीं चुंबक कॉईलींभोंवतीं फिरतात व तारेंत वीज उत्पन्न होते. हा फॅराडेचा १८३१ मधील शोध. ही वीज क्षणोक्षणीं उलटसुलट वाहणारी असते. रेग्युलेटर नांवाची डबी तिला एकाच दिशेस वळविते व तिचा जोर चौदा-साडेचौदा व्होल्टांच्या वर जाऊं देत नाहीं. ह्या विजेवर प्रथम गाडीचा रोजचा खर्च चालतो, आणि जें उरेल तें बॅटरींत जातें. म्हणजे वीज पिकविणारें शेत तें चक्र. बॅटरी ही केवळ कणगी. कणगींत धान्य पिकत नाहीं. पीक कमी व खाणारीं तोंडें अधिक झालीं, तर कणगी कितीही नवी आणली तरी ती रिकामीच व्हावयाची.

मिस्त्रींनीं मीटर लावलें. स्वस्थ बसलेल्या भरल्या बॅटरीचा आंकडा बारा सहा दशांश व्होल्ट किंवा थोडा अधिक असतो. येथें तो अकरा चार दशांश निघाला. बॅटरीच्या एका स्क्रूखालीं भाच्यानें चार तारांच्या कड्या एकावर एक दडपल्या होत्या, व त्यांतील एक सैल होती. ती मिस्त्रींनीं घांसून घट्ट केली. मग ट्रॅक्टरच्या बॅटरीचा आधार घेऊन गाडी चालूं केली, जाकिटाची दोरी काढून ठेवली, आणि अर्धा तास यंत्र मध्यम वेगानें चालूं दिलें. त्यानंतर पुन्हां मीटर पाहिलें. मंद चालींत तेरा चार दशांश. वेग वाढवितांच चौदा दोन दशांश. “हे बघा, चार्जिंग एकदम बराबर हाय,” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनीं भाच्यास जाकीट व हातमोजे घालून गाडीवर बसविलें, सर्व पूर्ण जोरावर लावावयास सांगितलें, आणि गाडीस पुढें लावलेले दोन जादा दिवेही पेटविले. यंत्राचा वेग पूर्वीइतकाच ठेवला. आंकडा चौदा दोन दशांशांवरून साडेबारावर आला, व तेथूनही हळूहळू घसरूं लागला. वेग मंद करतांच तो बाराच्या खालीं गेला. मग एकेक वस्तु बंद करीत गेले. जादा दिवे विझविले, तेव्हां बारा नऊ दशांश. जाकिटाचा जोर निम्मा केला, तेव्हां तेरा सहा दशांश. पुन्हां सर्व लावलें, पुन्हां साडेबारा.

आम्हीं पूर्ववयांत अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ अभ्यासिला होता व पुढें विद्यार्थ्यांसही शिकविला. धूर आहे तेथें अग्नि आहे हा अन्वय. अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनीं पडताळा पटला म्हणजेच कारणाचा निश्चय करावा, असें ते शास्त्र सांगतें. झरीच्या पत्र्याच्या शेडमध्यें मिस्त्री तेंच करीत होते. भार घातला कीं जोर घसरतो, भार काढला कीं जोर चढतो. यंत्र तेंच, बॅटरी तीच, वेगही तोच. शहरांतील दोन्ही दुकानांतून फक्त एवढें पाहिलें गेलें होतें कीं बॅटरी बसली आहे, आणि त्यावरून एकदां बॅटरीस व एकदां कॉईलीस दोष देण्यांत आला होता.

तथापि मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहींत. अन्य दोष लपून राहूं नये म्हणून त्यांनीं कॉईलींतून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा जोड सोडविला. हा जोड उष्णतेनें काळा पडून वितळण्याची खोड अनेक गाड्यांस असते; येथें तो स्वच्छ होता. तिन्ही तारांत दोन दोन मिळून तीन वेळां मीटर लावलें. तिन्ही वेळां आंकडा सारखाच, साठ व्होल्टांच्या सुमारास. एकही तार गाडीच्या अंगाशीं भिडलेली नव्हती. एक जोडी कमी दाखवील किंवा तार अंगाशीं भिडेल तर कॉईल जळाली समजावें. जोर पंधरांच्या वर जाऊं लागला तर रेग्युलेटर बिघडला समजावें. शेवटीं किल्ली बंद करून बॅटरींतून चोरटा प्रवाह वाहतो काय हेंही पाहिलें. जाकीट थेट बॅटरीस जोडलेलें असल्यानें किल्ली काढल्यावरही तें चालूं राहूं शकत होतें. तेथें मात्र सुधारणा हवी होती.

मग आम्हीं कागद-पेन्सिल मागितली. गाडीच्या पुस्तिकेंत वीज-उत्पत्ति २२० वॉट दिली होती. तीही यंत्र चांगल्या वेगानें फिरत असतां. गांवांतून, घाटांतून, धुक्यांतून मंद चालीनें जातांना ती निम्म्याहूनही खालीं येते. खर्चाच्या बाजूस पुढचा दिवा ५५, पेट्रोलचा पंप, ठिणगी वगैरे सुमारें ६०, मागचा दिवा व आंकडे दाखविणारी तबकडी १०. हा गाडीचा नित्याचा खर्च १२५. हा भागून जमेच्या बाजूस भरपूर शिल्लक उरते. आतां भाच्याची वाढ पाहा. जादा दिवे ४०, दूरध्वनि भरण्यास १०, जाकीट ७५, हातमोजे २५. एकूण खर्च २७५. म्हणजे पूर्ण उत्पन्न धरूनही ५५ वॉटांची तूट. तेरा व्होल्टांनीं भागिलें तर ही तूट चार अँपिअरांहून थोडी अधिक भरते. त्याच्या बॅटरीची धारणाशक्ति आठ अँपिअर-तास. दोन तासांत कणगी झाडून रिकामी! मंठ्यापासून थंडी वाढली म्हणून त्यानें जाकीट पूर्ण जोरावर लावलें होतें, आणि मंठ्याहून झरीस येण्यास त्यास धुक्यांत दोन तासांच्या आसपास लागले होते. हिशेब चोख जुळला.

भाचा कागदाकडे पाहत राहिला. “मामा, म्हणजे बिघाड कांहींच नाहीं?”

आम्हीं म्हटलें, “बिघाड नाहीं, तूट आहे. बिघाड दुरुस्त करतां येतो; तुटीवर दुरुस्ती नसते. तिच्यावर एकच उपाय, खर्च उत्पन्नाच्या आंत बसविणें.”

ह्यावर मिस्त्रींनीं आपला डीपीचा दाखला उलगडून सांगितला. खेड्यांत ज्याला डीपी म्हणतात तें विजेचें रोहित्र असतें. समजा तें ६३ केव्हीएचें आहे; तर त्यावर पांच अश्वशक्तीच्या बारा-तेरा मोटारी चालतात. पण गहूं-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले, कीं त्यावर मंजूर मोटारींखेरीज आंकडे टाकलेल्या चार-सहा मोटारी वाढतात. वीज आली कीं सर्वच एकदम चालूं करतात. मग जोर घसरतो, मोटारी गुरगुरतात पण पाणी ओढीत नाहींत, कॉईली तापून जळतात, आणि एक दिवस डीपीच जळून जातो. नवा डीपी येईपर्यंत पीक माना टाकतें. “नवा आला तरी पुन्ना तेच,” मिस्त्री म्हणाले. “मोटारी कुनी मोजीत नाही, गुरुजी. डीपीलाच शिव्या.”

त्या रात्रीं आम्ही ह्या बोलण्याचा विचार करीत शेताच्या बांधावर उभे होतों. महाराष्ट्रांत शेतीपंपांची वीज पाळीपाळीनें, कांहीं दिवस दिवसा तर कांहीं दिवस रात्रीं देण्याचा प्रघात अनेक वर्षें चालत आला आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ पासून सौर कृषि वाहिनीची योजनाही हातीं घेतली. आमच्या स्नेह्यांच्या शेजाऱ्याची पाळी त्या दिवशीं रात्रीची होती. सात-आठ अंशांच्या थंडींत, खांद्यावर घोंगडी, हातांत विजेरी, पायांत गुडघ्यापर्यंत चिखल, असा तो गव्हाच्या सऱ्यांतून पाणी वळवीत होता. त्याच्या अंगांत तारांचा अंगरखा नव्हता. परंतु घोंगडीचा एक गुण त्या अंगरख्यास नाहीं: तिची दोरी कशासही जोडलेली नसते.

हेंच आम्हीं दुसऱ्या दिवशीं भाच्यास सांगितलें. “जाऊं नको,” असें मात्र आम्हीं म्हटलें नाहीं. भगिनीस हें आवडलें नसेल. परंतु पंचविशी ओलांडलेल्या पुरुषास भीति घालून थांबविण्यापेक्षां हिशेब दाखवून विचार करावयास लावणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटलें. स्पितीचा हिशेब झरीच्या हिशेबाहून कितीतरी कठोर आहे. उणे पंधरा अंशांत ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें जाणाऱ्यास उणे सत्तावीस अंशांची थंडी बाधते. म्हणजे ऊब अधिक लागणार. घाटांत व बर्फांत चाल मंद. म्हणजे उत्पन्न कमी होणार. शिशाच्या बॅटरीची शक्ति तेवढ्या थंडींत निम्म्यावर येते. म्हणजे कणगीच आक्रसणार. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, भरलेली बॅटरी उणे पन्नास अंशांतही गोठत नाहीं, परंतु रिकामी झालेली बॅटरी, तिच्यांतील आम्ल पाण्यासारखें पातळ झाल्यामुळें, शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून फुटूं शकते. तेथें तूट म्हणजे नुसता खोळंबा नव्हे.

भाचा बुद्धिमान आहे. तो वाद न घालतां मिस्त्रींच्या शेडमध्यें जाऊन बसला, आणि दोघांनीं मिळून तीन तास काम केलें. जादा दिवे काढून टाकले; सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाचीच नाहीं असें ठरल्यावर त्यांचें प्रयोजन उरलें नाहीं. जाकीट व हातमोजे रिलेमधून जोडले, जेणेंकरून किल्ली काढली कीं तेही बंद व्हावे. मध्यें दहा अँपिअरचा फ्यूज घातला. हँडलावर एक लहानसें व्होल्टमीटर बसविलें. नियम असा ठरला कीं आंकडा तेराच्या खालीं गेला कीं प्रथम जाकीट बंद, मग दूरध्वनि, आणि हातमोजे सर्वांच्या शेवटीं. कारण बोटें बधिर झालीं तर ब्रेक दाबतां येत नाहीं. रात्रीं बॅटरी काढून मुक्कामाच्या उबदार खोलींत ठेवावयाची. आणि एक नियम आम्हीं घातला: वीज मुळींच नाहीं असें समजून कपडे घालावयाचे. लोकरीचे दोन थर व वर वारा अडविणारा एक, एवढ्यावर पुढचें गांव गांठतां आलें पाहिजे. तारांची ऊब ही मिळकतीवरील व्याज. तिच्यावर संसार उभारूं नये. हे सर्व नियम पाळतां येणार नसतील तर जाण्याचा बेत उन्हाळ्यावर टाकावा, हें त्यानें आपण होऊन कबूल केलें.

मिस्त्रींनीं पैसे किती घेतले हें सांगण्यासारखें आहे. शहरांतील दुकानानें कॉईलीकरितां जी किंमत सांगितली होती तिच्या दशांशही तें नव्हतें. भाच्यानें अधिक देऊं केलें. तें त्यांनीं घेतलें नाहीं. उलट, तो हिशेबाचा कागद मात्र त्यांनीं मागून घेतला. “ह्यात मोटारीचं बी मांडून द्या, गुरुजी. आमच्या डीपीवरच्या लोकांना दाखवतो,” असें ते म्हणाले. आम्हीं कागदाच्या पाठीमागें डीपीची क्षमता व प्रत्येक मोटारीचा भार मांडून दिला. मोटारींची संख्या लिहावयाची जागा त्यांच्याच सांगण्यावरून मोकळी ठेवली. ती मोजण्यासाठीं ते त्याच संध्याकाळीं सायकलवरून शेताकडे निघाले, आणि आम्ही परभणीच्या गाडीची वाट पाहत रस्त्यावर उभे राहिलों.